उठलेल्या नाक्याची कैफियत

ज्या गृहस्थाने आपल्या आयुष्याची 31 वर्षे मुंबईच्या वेशीवरील जकातनाक्यावर, ट्रकच्या ताडपत्रीखाली हात घालून आतील मालाचा अदमास घेण्यात वेचली, त्याच्याच पोटातील नाका, त्याच्याच उतारवयात, त्याचीच सही घेऊन एका शल्यविशारदाने उठवून टाकावा, यात नियतीचा काही गूढ संकेत असेल असे मला वाटत नाही. नियतीच्या दफ्तरी माझ्याहून महत्त्वाची प्रकरणे तुंबलेली असणार. परंतु घडले ते असे घडले खरे, आणि पुढे टोकियो मुक्कामी सुशी नामक पदार्थाशी माझा जो तंटा झाला त्याचे मूळ याच उठलेल्या नाक्यात असल्यामुळे, प्रथम त्याची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

मनुष्याचे लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब आणि मोठे आतडे दीड मीटर. लांबीने चौपट असणाऱ्यास लहान आणि उरलेल्यास मोठे म्हणण्याचा प्रघात कोणी पाडला हे कळत नाही, पण सरकारी हुद्द्यांतही तसेच असते म्हणून मी त्यावर तक्रार करीत नाही. या दोन मुलखांच्या सरहद्दीवर निसर्गाने एक झडप बसविली आहे. अलीकडून आलेला माल ती जरासा थोपवून मापाने पुढे सोडते आणि पलीकडे गेलेला सहसा माघारी येऊ देत नाही. म्हणजे नाक्याचे काम ती चोख बजावते, आणि तेही चहापाण्याची अपेक्षा न ठेवता. माझ्या बाबतीत या झडपेच्या अगदी शेजारी सुपारीएवढा एक मांसांकुर उगवला. तो दुर्बिणीतून खुडून काढण्याजोगा नव्हता आणि तसाच ठेवणे धोक्याचे होते, म्हणून मोठ्या आतड्याचा उजवा भाग झडपेसकट कापून काढण्यात आला आणि उरलेली दोन टोके टिटॅनियमच्या बारीक टाचण्यांनी एकमेकांस जोडण्यात आली. डॉक्टरांच्या तोंडून ‘स्टेपलर’ हा शब्द ऐकताच मला गहिवरून आले. उभा जन्म मी पावत्यांना पावत्या टाचल्या. अखेर मलाही कोणीतरी टाचले. काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल निर्मळ आला, पुढील औषधोपचार नकोत असे ठरले, आणि नाका तेवढा गेला.

मुंबईची जकातही अशीच गेली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि दहिसर-मुलुंडचे नाके एका रात्रीत ओस पडले. मी त्याच्या आदल्याच वर्षी निवृत्त झालो होतो, तरी केवळ पाहण्यासाठी म्हणून त्या दिवशी दहिसरला गेलो. ट्रक न थांबता जात होते. नाका उठला म्हणून माल यायचा थांबत नाही. तो कोणी पाहत नाही, इतकेच. हे वाक्य मी तेव्हा शहरासंबंधी मनाशी म्हटले होते.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना सांगावयास नको, की तेथे मनुष्याची विद्वत्ता, हुद्दा, वय यांस कवडीचे मोल उरत नाही आणि त्याची सारी प्रतिष्ठा एकाच प्रश्नावर येऊन ठेपते: “काका, वारा सरला का?” पोट उघडले गेल्यावर आतडी संप पुकारतात आणि ती पुन्हा कामावर रुजू झाल्याची पहिली वर्दी म्हणजे हा अपानवायू. सकाळी शिकाऊ डॉक्टर विचारी, दुपारी परिचारिका विचारी, संध्याकाळी खुद्द शल्यविशारद शिष्यगणांसह येऊन विचारीत, आणि डोंबिवलीहून माझी मेहुणी दूरध्वनीवर, आवाज किंचित खाली आणून, विचारी. अखेर डॉक्टरांनी मला दिवसातून तीन वेळा च्युइंगम चघळावयास सांगितले. जबडा हलू लागला की आतड्यांचा समज होतो अन्न येत आहे, आणि ती कामास लागतात, असा त्यातला हिशेब. साहेब दौऱ्यावर येत असल्याची नुसती आवई उठवून कचेरी जागी करण्याचा हा प्रकार मला चांगलाच परिचयाचा होता. तिसऱ्या दिवशी पहाटे ती वर्दी आली. सौभाग्यवतीने सर्व नातलगांस ती ज्या स्वरात कळविली, त्या स्वरात तिने आमच्या मुलीचा दहावीचा निकालही कळविला नव्हता.

पुढे सहा आठवडे कमी चोथ्याचा आहार. पेज, मग मऊ भात, मग वरण-भात, अंडे, उकडलेला मासा. आमच्या वैद्यकशास्त्राने पेया, विलेपी, यूष, मांसरस अशी पायऱ्यापायऱ्यांची चढण फार पूर्वीच बांधून ठेवली आहे, ती मी एकेक पायरी चढलो आणि सहा महिन्यांनी, डॉक्टरांकडून प्रवासाची मंजुरी घेऊन, मुलीकडे टोकियोस गेलो.

मुलगी आणि जावई राहतात ते निशी-कासाई, एदोगावा प्रभागातले. तेथे संगणकाच्या धंद्यातील आपली मंडळी इतकी आहेत की वाण्याकडे तूरडाळ आणि पोहे दोन्ही मिळतात. याच प्रभागाच्या सभागृहात 2019 साली योगेंद्र पुराणिक हे भारतात जन्मलेले गृहस्थ निवडून आले, हे ऐकून महानगरपालिकेचा जुना नोकर या नात्याने माझी छाती दोन इंच फुगली. टाके बरे झाले होते, म्हणून फुगू दिली.

आता सुशी. जपानात येऊन सुशी खाल्ली नाही असे परत जाऊन कोणत्या तोंडाने सांगावयाचे, हा माझा सवाल. आणि टाचलेल्या आतड्यात कच्चा मासा घालून परत जाणार तरी कोणत्या तोंडाने, हा सौभाग्यवतीचा. ती रत्नागिरीची. मासळीशी तिचे सख्य जन्मापासूनचे, पण ते हळद, मीठ, तिखट, कोकम आणि चूल एवढे मध्यस्थ घालून झालेले आहे. बाजारात काचेमागे शिर्क्यात मुरविलेला, निळसर पाठीचा मासा पाहून ती थबकली आणि म्हणाली, “अहो, हा तर आपला बांगडा! याला शिजवायचं कोणी विसरलं का?” तो बांगड्याच्या गोतातलाच मासा होता, त्याचे तेथील नाव साबा.

नियमावली वाचल्यावाचून कोणत्याही मालास हात लावू नये, ही माझी जुनी खोड. जावईबापूंना बसवून मी तेथील आरोग्य खात्याचे म्हणणे मराठीत करवून घेतले. धोका आहे तो अनिसाकिस नावाच्या, पांढऱ्या दोऱ्यासारख्या एका कृमीचा. तो मुळात देवमाशाच्या, डॉल्फिनच्या जठरात जाण्यास निघालेला असतो. बांगड्यासारख्या माशातून मनुष्याच्या पोटात उतरतो तो निव्वळ पत्ता चुकून, आणि चुकलेल्या पत्त्यावर आलेल्या कोणाही इसमाप्रमाणे भिंतीवर डोके आपटू लागतो. मग काही तासांत अशी कळ येते, की दुर्बीण घालून त्यास चिमट्याने ओढून काढावे लागते. शिर्का, मीठ, वासाबी यांपैकी कशासही तो दाद देत नाही. दाद देतो ती आगीला नाहीतर थंडीला: शून्याखाली 20 अंशांवर 24 तास, असा जपानचा हुकूम. अमेरिकेचे खाते मात्र त्याच थंडीत सात दिवसांची मुदत मागते. एकाच मालास दोन खात्यांच्या दोन मुदती पाहून मला माहेरी आल्यासारखे वाटले. ट्यूना हा मासा तर पुष्कळदा बोटीवरच शून्याखाली 60 अंशांपर्यंत गोठविलेला असतो, म्हणजे त्याची बाजू कागदोपत्री निर्दोष. मी हे सारे कैफियतीच्या रूपाने घरच्या दरबारात मांडले. दरबाराने ती ऐकून घेतली आणि हुकूम दिला की कच्चा मासा मना. परंतु अर्जदाराचे वय आणि हौस ध्यानी घेता, बिनमाशाची सुशी खाण्यास हरकत नाही.

त्या संध्याकाळी मुलीने दुकानातून फुतोमाकी आणली. मनगटाएवढी जाड वळी, बाहेरून नोरी नामक समुद्रशेवाळाचा काळा पापुद्रा, त्याच्या आत भात आणि भाताच्या पोटात अंड्याची पट्टी, काकडी, शिजविलेले शिताके अळंबे आणि कानप्यो. कानप्यो म्हणजे काय, याचा शोध लावल्यावर सौभाग्यवतीच्या मुखावर जे समाधान पसरले ते मी विसरणार नाही, कारण तो निघाला दुधी भोपळा. आपल्याच दुधीच्या जातीचे फळ लांब फितीसारखे तासून वाळवितात आणि मग गोडसर शिजवितात. दुधी! ज्या फळाने महाराष्ट्रातील आजाऱ्यांच्या किती पिढ्यांना कंटाळा आणला असेल, पण दगा कोणाला दिला नाही, तो दुधी. “पोटभर खा,” असे उद्गार तिने काढले, आणि आमच्या संसारात हा परवाना दुर्मिळ असल्यामुळे मी आठ तुकडे, बोलत बोलत, फारसे न चावता, गिळले.

रात्री अकराच्या सुमारास नाभीच्या उजवीकडे कोणी तरी ओले धुणे पिळू लागले. पिळून झाले की सोडी, आणि जरा हायसे वाटते न वाटते तोच पुन्हा पिळी. एक वाजता उलटी झाली, पोट नगाऱ्यासारखे ताणले, आणि तिसऱ्या दिवशीच्या पहाटेपासून माझ्याशी इमान राखून असलेला वारा संपूर्ण बंद झाला. पोटात थांबून थांबून कळा, उलटी, आणि वारा सरणे बंद, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर ओवा-हिंग करीत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे, हे मला घरी जातानाच बजावलेले होते; आम्ही ते गाठले. तेथे पोटाचे छायाचित्र काढले, शिरेतून पाणी दिले, तोंडाने काहीही देण्याची मनाई केली आणि मला आडवे करून ठेवले. पहाटे एक तरुण परिचारिका आली आणि अत्यंत नम्रपणे वाकून काही विचारती झाली. जावईबापू भाषांतर करण्यास संकोचत होते. मी म्हटले, “राहू द्या, प्रश्न मला कळला.” शस्त्रक्रियेनंतर हाच प्रश्न याच गांभीर्याने जपानातही विचारतात, तेथे त्या वायूस ‘ओनारा’ म्हणतात. दुपारपर्यंत ओनारा झाला. माझी सुटका दुसऱ्या दिवशी.

मुंबईच्या डॉक्टरांस फोन लावला तेव्हा सौभाग्यवतीने आरंभीच सांगून टाकले, की कच्च्या माशाचा एक कणही पोटात गेलेला नाही. पलीकडून थोडा वेळ शांतता, आणि मग उत्तर आले: “वहिनी, मासा गेला असता तर विरघळून गेला असता. हे वेष्टणाचं काम आहे.” मग त्यांनी उलगडा केला. जेथे दोन टोके टाचली आहेत तेथे वाट अजून जराशी अरुंद. मऊ भात तेथून सहज जातो, माशाचे मांसही जाते, कारण त्याला चोथा नाहीच. जंतू-कृमींची भीती निराळी, तिचा बंदोबस्त थंडीने आणि ताजेपणाने होतो. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी खालावलेली आहे किंवा ज्याची जखम ओली आहे, त्याने कच्च्याच्या वाटेस जाऊ नये हे खरे. पण माझी अडचण ती नव्हती. न चावता गिळलेले शेवाळ, चामट अळंबे आणि दुधीच्या त्या चिवट फिती पाणी पिऊन फुगल्या, एकमेकींत गुंतल्या आणि त्यांचा बोळा त्या अरुंद वाटेत जाऊन बसला.

मी ऐकतच राहिलो. नाक्यावर माझी सबंध कारकीर्द याच एका धड्यात गेली होती. ट्रकमध्ये काय आहे यावर नव्याने लागलेल्या कारकुनाची नजर खिळलेली असते. मुरलेला कारकून प्रथम पेटारा पाहतो, गवत पाहतो, खोक्याचा तळ ठोकून पाहतो. आंब्याच्या पेट्यांत आंबेच होते, पण गवत प्रमाणाबाहेर जड लागते म्हणून मी एकदा एक सबंध गाडी रिकामी करविली होती आणि गवताखाली घड्याळे निघाली होती. तो मी, माशाच्या नावावर दरबार भरवून बसलो आणि वेष्टणास ताडपत्री न उचलता सोडून दिले.

त्या वेष्टणाविषयी मग मी जे मिळेल ते वाचले. नोरी सहजासहजी पचत नाही, आणि ती पचविण्याची विद्या जपान्यांच्या आतड्यांतील काही जंतूंना अवगत आहे. 2010 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ही विद्या त्या जंतूंनी शेवाळावर राहणाऱ्या समुद्रातल्या जंतूंकडून उचललेली आहे, बहुधा पिढ्यान्‌पिढ्या नोरी खाता खाता. उत्तर अमेरिकेतील ज्या माणसांची तुलनेसाठी तपासणी झाली त्यांच्यात ती आढळली नाही. माझ्या आतड्यांची तपासणी कोणी केली नाही, पण रत्नागिरी-गिरगाव या आमच्या घराण्याच्या वाटचालीत शेवाळाचा संबंध विहिरीवर पाय घसरण्यापुरताच आला असल्याने निष्कर्ष मीच काढला.

आता ही कैफियत येथेच संपावयाची, पण खालच्या मजल्यावर घरमालक राहतात. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे कमी, आणि कुंड्यांना पाणी घालतानाही डोक्यावर टोपी. माझ्या रुग्णालयाची वार्ता कळताच ते जिना चढून आले, जावईबापूंपाशी दोन वाक्ये बोलले आणि मग काही न बोलता त्यांनी दोन्ही तळहात छातीसमोर धरून त्यांच्यामध्ये वीतभर अंतर दाखविले. मला क्षणभर वाटले, कुंडीची मापे सांगताहेत. मग उमगले. मीही हात पुढे केले आणि वीत अन् चार बोटे दाखविली. त्यांनी आदराने मान लवविली. त्यांचे चार वर्षांपूर्वीचे, डावीकडचे, माझे उजवीकडचे. आमच्यात भाषेचा एक शब्द सामायिक नव्हता, पण चर्चा तासभर चालली. त्यांना रुग्णालयाने पातळ पेजेपासून घट्ट पेजेपर्यंत तीन भाग, पाच भाग, सात भाग अशा क्रमाने वर आणले होते, हे ऐकून मी आमची पेया-विलेपी पुढे केली. त्यांना मिळालेल्या पत्रकात शेवाळ, अळंबी आणि कोन्याकू नामक कंदाची चिवट वडी यांपासून सावध राहण्याची सूचना छापलेली होती, ती त्यांनी मला उघडून दाखविली. मला तसेच पत्रक मिळाले होते, फक्त त्यात कोबीचे देठ, मक्याचे दाणे आणि संत्र्याच्या साली होत्या. शेवाळाचा उल्लेख मुंबईत कोण करणार?

पुढच्या शनिवारी त्यांनी मला, सौभाग्यवतीला आणि जावईबापूंना आपल्या नेहमीच्या ठिकाणी नेले. आठ जणांपुरता लाकडी ओटा, पलीकडे पांढऱ्या अंगरख्यातले मालक. फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचे मला विशेष आकर्षण होते, कारण मालाची रांग डोळ्यांसमोरून सरकते आहे आणि थाळीच्या रंगावरून तिचा दर ठरतो आहे, ही व्यवस्था 1958 साली ओसाकाकडच्या योशिआकी शिराइशी यांनी दारूभट्टीतील बाटल्यांचा पट्टा पाहून काढली असली, तरी ती जकात खात्यातून निवृत्त झालेल्या मनुष्यासाठीच काढलेली दिसते. पण घरमालकांनी मान हलविली. पट्टा थांबत नाही आणि तुम्हाला थांबायचे आहे, असे काहीसे ते म्हणाले.

त्यांनी ओट्यापलीकडे आमच्या दोघांच्या पोटांचा इतिहास थोडक्यात कथन केला, आणि त्या मालकाने, लग्नाच्या पंगतीत मधुमेही पाहुण्याचे नाव कळावे तशा सहजतेने, तो ध्यानात ठेवला. प्रथम अंड्याची वडी, मग उकडलेली कोळंबी, मग वाफाळून लोण्यासारखा मऊ केलेला आनागो, तो चाखून सौभाग्यवती म्हणाली, “अगदी वाम!” मग ट्यूना. तो त्या संध्याकाळचा पहिला कच्चा घास. त्यात भयंकर असे काहीच नव्हते. थंड, मऊ, आणि चवीला कोमट भाताच्या आधाराने उभा. सुशीच्या भातास तेथे ‘शारी’ म्हणतात, आणि हा शब्द बुद्धाच्या अस्थिकणांवरून, म्हणजे आपल्या ‘शरीर’ शब्दावरून गेला आहे, असे जावईबापूंनी सांगितले. कणांचे दिसणे सारखे म्हणून. तो शब्द तोंडात घोळवीत मी गिळणार, तोच घरमालकांनी माझ्या मनगटावर बोट ठेवले आणि दुसऱ्या हाताची बोटे मोडीत मोजण्यास आरंभ केला. तीस. एका घासास तीस वेळा चावण्याचे तेथील आरोग्य खात्याचेच आवाहन आहे. लहानपणी आमच्या आजीचा दंडक बत्तीस वेळांचा होता, दातागणिक एक. दोन वेळांची ती सूट मी कृतज्ञतेने स्वीकारली.

मग माकूळ आले. मी चामटपणाच्या भयाने हात मागे घेतला. मालकाने ते पाहिले, माकुळाचा तो दुधी रंगाचा तुकडा पुन्हा फळीवर घेतला आणि सुरीचे टोक इतके हलके चालविले, की चिरा दिसू नयेत: उभ्या, मग तिरप्या, केसभर अंतराने, पण आरपार नव्हे. पलटून धरला तेव्हा तो तुकडा सुरकुतल्या रेशमासारखा बोटावर लोंबला. याला तेथे ‘लपविलेली सुरी’ म्हणतात, चावण्याचे निम्मे काम खाणाऱ्याच्या आधीच उरकून ठेवणारी. तो अर्धा तुकडा मी खाल्ला. अखेरीस माशाच्या नारिंगी अंड्यांची सुशी होती, जिच्याभोवती नोरीचा पट्टा गुंडाळायचाच असतो, नाहीतर अंडी घरंगळतात. मालकाने नोरीकडे हात नेला, आम्हा दोघांकडे पाहिले, हात मागे घेतला, आणि काकडी सोलून तिची कागदासारखी पातळ फीत काढून तिने ते वेढले. वेष्टण बदलले, माल तोच.

एकूण सात नग, दीड तास, दोन पेले गरम चहा. पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणण्यास उतरलो तेव्हा घरमालक कुंड्यांपाशी उभे होते. त्यांनी झारी खाली ठेवली, टोपी काढली, आणि इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात विचारले, “देमाश्ता का?” म्हणजे, सरला का? मी जपानी पद्धतीने कमरेत वाकलो आणि “हाय” म्हणालो. त्या भाषेत त्याचा अर्थ ‘होय’, आणि आमच्या देशावरच्या बोलीत ‘आहे’. दोन्ही अर्थांनी जबाब खरा होता.